आगटीजवळचा एक वॅट

मंगळवेढ्याच्या ज्वारीला पाणी लागत नाही, असे आमच्या सोलापूर जिल्ह्यात सर्रास म्हटले जाते. हे पूर्ण खरे नाही. पाणी तिलाही लागते. ते विहिरीतून उपसून द्यावे लागत नाही, इतकेच. मंगळवेढ्याच्या सपाट शिवारातली खोल काळी माती पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या मालदांडीची मुळे ती ओल शोधत थंडीभर खाली खाली जातात. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा खरे तर त्या मातीच्या या धरून ठेवण्यालाच ते मिळाले, असे मला वाटते.

या कोरडवाहू शेतीचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या रानाला उपसा पाणी नको, त्या रानाला मोटार नको. आणि मोटार नाही, म्हणून तिथे विजेची जोडणीही नाही. ज्या शिवारात हुरड्याची चव सर्वांत चांगली, त्याच शिवारात विजेचे बटण शोधून सापडत नाही. शहरातून आलेल्या माणसाला हे कळते ते आगटी पेटल्यावर. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात असतो, पहिली कणसे राखेत खुपसलेली असतात, शेंगांच्या चटणीचा डबा उघडलेला असतो आणि कोणीतरी हातात वायर घेऊन बांधावरून विचारतो, ‘‘अहो, गाणी कुठून लावायची?’’

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मीही कित्येक वर्षे तो क्षुल्लकच मानत होतो. परंतु यंदाच्या पौषात आमच्या गल्लीने मंगळवेढ्याजवळच्या एका मित्राच्या रानात हुरड्याचा बेत केला, तेव्हा या प्रश्नाने मला आठवडाभर गुंतवून ठेवले. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. वॅट, व्होल्ट आणि अँपिअर या शब्दांच्या व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिल्या असतील, त्याची गणती नाही. पण त्या व्याख्या कोणासाठी तरी वापराव्या लागल्या, त्या याच वेळी.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. ज्यांना सोलापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की या भागात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते आणि थोडे दक्षिणेला सरकले की कन्नड. पद्मशाली विणकरांची घरे, त्यांच्या तळमजल्यावरचे माग, चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे आणि या सगळ्यावर पसरलेला यंत्रमागांचा खडखडाट. लहानपणी परगावचे पाहुणे आमच्याकडे रात्री झोपू शकत नसत. आम्हांला मात्र माग बंद पडले की जाग येई.

या खडखडाटाची किंमत कोणी मोजली, ते मला अण्णांमुळे कळले. अण्णा आमच्या शेजारचे. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमाग चालवला. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जाताना जो आघात होतो, तो एका मागाचा. मागांनी भरलेल्या शेडमध्ये असे आघात सतत चाललेले असतात आणि आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास जाते. इतक्या आवाजात रोज आठ-दहा तास वर्षानुवर्षे काढल्यावर कान एकदम बहिरा होत नाही. तो निवडून निवडून बहिरा होतो. प्रथम जातात ते चार हजार हर्ट्‌झच्या आगेमागचे उंच स्वर. बोलण्यातले स, श, त, क यांसारखे वर्ण ओळखण्यासाठी लागणारी बारीक फुसफूस आणि टोक त्याच वरच्या प्रदेशात असते. त्यामुळे अण्णांना समोरचा माणूस बोलतो आहे, हे ऐकू येते. काय बोलतो आहे, हे ऐकू येत नाही. गाण्याची चाल पोहोचते, शब्द पोहोचत नाहीत. गल्लीतली पोरे त्यांच्याशी ओरडून बोलतात. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तितकी होत नाहीत. म्हणून अण्णा त्रासतात, आणि पोरांना वाटते की म्हातारा चिडका आहे. त्यांच्याकडे श्रवणयंत्र आहे. ते खिशात असते. मोकळ्या जागी वाऱ्याची झुळूक आली की त्या यंत्रात वादळ सुटते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

हुरड्याला अण्णांना न्यायचेच, असे ठरले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘घंटसालाचं एखादं लावा. बाकी तुमचं काहीही चालू द्या.’’ घंटसाला हे तेलुगू चित्रपटगीतांतले थोर गायक. १९७४ साली ते गेले. अण्णांच्या तरुणपणी शेडमध्ये गाणे ऐकणे अशक्यच होते. ती गाणी त्यांनी ऐकली ती मागांच्या सुट्टीच्या दिवशी, शेजारच्या रेडिओवर.

आता व्यवस्थेचा प्रश्न आला. माझा भाचा अशा बाबतींत उत्साही आहे. त्याची पहिली सूचना ‘डॉल्बी’ची होती. आपल्याकडे मिरवणुकीपुढच्या भिंतीएवढ्या ध्वनियंत्रणेला डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीवरची नकोशी खरखर कमी करण्यासाठी. ज्याने नकोसा आवाज घटवण्यात हयात घालवली, त्याचे नाव आपण नेमके कशाला दिले, हे पाहून मला दर गणेशोत्सवात त्या गृहस्थाची दया येते. असो. डॉल्बीला लागणारा जनित्राचा टेंपो बैलगाडीच्या वाटेने येणार नव्हता, म्हणून ती सूचना आपोआप बारगळली.

दुसरी सूचना लहान पेट्रोल जनित्राची होती. ती टाकाऊ नव्हती. एक किलोव्होल्ट-अँपिअरचे जनित्र भाड्याने मिळते आणि त्यावर कुठलीही गाण्याची यंत्रणा सुखाने चालते. पण त्याची स्वतःची घरघर असतेच. ती झाकण्यासाठी गाणे मोठे करायचे, गाणे मोठे केले की माणसे मोठ्याने बोलणार, मग गाणे आणखी मोठे. शिवाय ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, माणसांपासून दूर ठेवावे लागते, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आणि दूर म्हणजे कुठे, तर उभ्या ज्वारीजवळ, कडब्याजवळ. तापलेला धुराडा आणि वाळलेला पाला यांची ओळख करून देण्याचे धाडस मला झाले नाही. अण्णांच्या दृष्टीने तर ते जनित्र म्हणजे रानात आणून ठेवलेला एक यंत्रमागच ठरला असता.

तिसरी सूचना भाच्याने हळू आवाजात केली. ‘‘मामा, बांधापलीकडून लाइन गेलीय. दोन तासांचा तर प्रश्न आहे. आकडा टाकू. गावात सगळेच टाकतात.’’

आकडा म्हणजे काय, हे ग्रामीण भागातल्या वाचकाला सांगायला नको. उघड्या तारेवर वाकवलेली तार अडकवायची आणि खाली वीज उतरवून घ्यायची. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ नुसार ही चोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण कायद्याचे नाव काढल्यावर भाचा हसला, कारण शिक्षा झालेला माणूस त्याने पाहिला नव्हता. म्हणून मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवले. वीज वाहायची तर तिला जाण्याची वाट हवी आणि परतीचीही. घाईत आकडा टाकणारा बहुधा एकच तार अडकवतो आणि परतीसाठी जमिनीत लोखंडी सळई ठोकतो. यंत्र चालू होते, काम झालेसे वाटते. परंतु आता त्या सळईभोवतीची जमीन परतीची वाट झालेली असते. सळईपाशी दाब सर्वांत अधिक आणि पावलापावलाने तो कमी होत जाणारा. त्या जागी अनवाणी मूल धावत आले आणि त्याचे एक पाऊल सळईजवळ, दुसरे हातभर लांब पडले, तर त्या दोन पावलांमधला दाबाचा फरक त्याच्या अंगातून जाईल. काळी माती ओल धरते, म्हणून तर आपण तिचे कौतुक करतो. ती ओल विजेलाही वाट देते. आमच्या बेतात नऊ मुले होती. हुरड्याच्या रानात पायांत चप्पल ठेवणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘मग लागते तरी किती वीज?’’

मला वाटते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, आणि आपण तो बहुधा कधीच विचारत नाही. ध्वनियंत्रणेच्या खोक्यावर ‘पाच हजार वॅट’ असे छापलेले असते आणि आपण त्या आकड्याला शरण जातो. तो आकडा क्षणभराच्या, प्रत्यक्षात न येणाऱ्या कमाल क्षमतेचा असतो. त्या खोक्याची भिंतीत जाणारी वायर पाहिली, तरी त्यातून तेवढी वीज जाणे शक्य नाही हे कळते.

हिशेब असा. मध्यम प्रतीचा पेटीवजा स्पीकर घ्या. त्याला एक वॅट वीज दिली, तर एक मीटरवर साधारण नव्वद डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या रानात भिंती नसतात, छत नसते. गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर चौऱ्याऐंशी, चार मीटरवर अठ्ठ्याहत्तर, आठ मीटरवर बहात्तर. समोरासमोर बसून केलेले बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे आगटीभोवती कोंडाळे करून बसलेल्या तीस माणसांना गाणे ऐकू यायला एक वॅट पुरतो. भाच्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले. एक वॅट म्हणजे झोपण्याच्या खोलीतला मिणमिणता दिवाही नव्हे.

अर्थात गाणे म्हणजे एकसारखा प्रवाह नसतो. तबल्याची थाप, सुरावटीतली एखादी उसळी सरासरीच्या दहा-वीसपट वर जाते. त्या क्षणी यंत्र अपुरे पडले तर आवाज फाटतो. म्हणून चाळीस-पन्नास वॅट क्षमतेचे यंत्र घ्यावे आणि ते सावकाश चालवावे. आवाज ‘दुप्पट’ वाटायला मात्र वीज दुप्पट करून भागत नाही; ती सुमारे दसपट करावी लागते. मिरवणुकीतल्या हजारो वॅटांचे रहस्य एवढेच आहे. आणि दिलेल्या विजेपैकी ध्वनी होतो तो शंभरातला जेमतेम एक भाग. उरलेली सगळी स्पीकरच्या पोटात उष्णता होऊन जाते.

याच्या तुलनेत माणसाचा गळा पाहा. साधे बोलताना आपण जी ध्वनिशक्ती बाहेर टाकतो, ती एका वॅटचा लाखावा भाग भरेल. सोलापूरचे राम जोशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लावण्या रचत होते, तेव्हा फडासमोरच्या जमावाला गाणे ऐकवण्यासाठी ढोलकी, तुणतुणे आणि मागे उभ्या असलेल्या साथीदारांचा उंच सूर एवढीच सामग्री होती. तो सूर उंच असतो याला मला कारण दिसते: गोंगाटावर तरंगतो तो उंच स्वरच. याच जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गायले, तोवर ध्वनिक्षेपक आला होता. पण त्यांना तो नसता तरी फारसे अडले नसते, असे जुनी माणसे सांगत. ग्रामोफोनला तर वीज ठाऊकच नव्हती. हाताने चावी द्यायची, आतली कमान उलगडत जायची आणि तबकडीची एक बाजू, म्हणजे तीन-चार मिनिटांचे गाणे, वाजायचे. पुढे लग्नकार्यात कर्णा आला, आणि वीज नसलेल्या वाड्या-वस्त्यांवर स्पीकरवाला मोटारीची बॅटरी खांद्यावर घेऊन येई. बारा व्होल्टवर थेट चालणारी ती यंत्रे अजूनही मिळतात. आमच्या पेठेतल्या एका जुन्या साऊंडवाल्याच्या फळीवर तसे एक धूळ खात पडले होते. त्याने ते आनंदाने दिले. कोणी मागेल, ही त्याने आशाच सोडली होती.

बॅटरी कोठली, यावर थोडी चर्चा झाली. मोटारीची काढावी, तर तीच मोटार रात्री माणसांना घरी नेणार. शिवाय मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन फिरवण्यासाठी केलेली असते. तिला हळूहळू रिकामे करणे मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मात्र नेमकी त्याच कामासाठी असते. माझ्या घरची दीडशे अँपिअर-तासांची. बारा व्होल्टने गुणले की अठराशे वॅट-तास. तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मेच वापरायचे ठरवले तरी नऊशे. आमचे यंत्र सरासरी तीन अँपिअर घेत होते, हे मी घरी मोजून पाहिले. चार तासांना बारा अँपिअर-तास. भाच्याने कागदावर भागाकार केला आणि उत्तर दोनदा तपासले.

ती बॅटरी उचलणे हे मात्र कागदावरचे काम नव्हते. पन्नास किलोंच्या पोत्याएवढे वजन, आत आम्ल. ती आडवी करून चालत नाही. दोघांनी धरून, उभीच, टेंपोत लाकडी खोक्यात बसवली. रानात गेल्यावर आणखी एक बारीकशी गोष्ट निघाली. भाच्याला बॅटरी टेंपोतच ठेवून वीस मीटर वायरने यंत्रापर्यंत वीज आणायची होती. घरच्या दोनशे तीस व्होल्टांत हे खपून जाते. बारा व्होल्टांत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून वीस मीटर जाऊन वीस मीटर परत यायचे, तर तिचा रोध सुमारे अर्धा ओहम होतो; जोराच्या क्षणी पाच अँपिअर वाहिले की वाटेतच जवळजवळ अडीच व्होल्ट संपले. बारांतले अडीच म्हणजे घरी पोहोचण्याआधी पाचवा हिस्सा खर्च. म्हणून बॅटरी यंत्राच्या अंगाला ठेवली, जोडणीच्या तारेत पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला, आणि लांब वायरी दिल्या त्या फक्त स्पीकरना.

स्पीकर कोठे ठेवायचे, हा माझ्या मते त्या दिवसाचा खरा निर्णय होता. भाच्याला दोन्ही एका जागी, बांधावर उंच हवे होते. तेथून आवाज ‘सगळीकडे’ जाईल, असे त्याचे म्हणणे. आवाज सगळीकडे जाण्याची आम्हांला गरज नव्हती. पलीकडच्या वस्तीवर माणसे होती. थंडीच्या दिवसांत सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून तर पौषात दोन कोसांवरचे भजन उशाशी चालल्यासारखे ऐकू येते. ध्वनिक्षेपकावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असल्याचा नियम २००० सालापासून आहे. आम्ही आठलाच आवरणार होतो, पण आठच्या आधीही लोकांना कान असतात. तेव्हा एक स्पीकर आगटीच्या पलीकडे मुलांच्या बाजूला ठेवला आणि दुसरा अण्णांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या उजव्या कानाकडे. खालचे स्वर उतरवले, वरचे चढवले. अंतर आठ मीटरवरून एक मीटरवर आणले की अठरा डेसिबल फुकट मिळतात. तेवढ्याच विजेच्या जोरावर मिळवायचे तर साठपटींहून अधिक वीज खर्चावी लागली असती.

गाणी सुरू झाली. मराठी झाली, शेजारच्या वहिनींसाठी कन्नड भावगीते झाली. हुरड्याची पहिली खेप चोळून पसरली गेली. मित्राने खास हुरड्यासाठी राखलेल्या गूळभेंडीच्या दोन ओळींतली ती कणसे होती. मग भाच्याने घंटसाला लावले.

अण्णा सुरुवातीला नुसते बसून होते. तळहातावरचा हुरडा खायचा राहून गेला होता, एवढेच मी पाहिले. दुसऱ्या कडव्याला भाचा, जो पूर्व भागातच वाढल्यामुळे तेलुगू बऱ्यापैकी बोलतो, बरोबरीने गुणगुणू लागला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवले आणि एक शब्द उच्चारून दाखवला. भाचा तो चुकीचा म्हणत होता. अण्णांनी तो दोनदा म्हणवून घेतला, ‘‘आता बरोबर’’ म्हणाले आणि मग कुठे हुरडा तोंडात टाकला.

तो शब्द त्यांनी त्या क्षणी ऐकला, की पन्नास वर्षांपूर्वी ऐकून जपलेला होता, हे मला निश्चित सांगता येणार नाही. कानाने गमावलेले मन पुष्कळदा भरून काढते. पण भाचा त्यांच्यापासून जेमतेम दोन हातांवर बसला होता, आणि त्याची चूक त्यांना ऐकू आली होती. ती काही पन्नास वर्षांपूर्वीची नव्हती. त्यानंतर वहिनींनी त्या ओळीचा अर्थ विचारला. अण्णा मराठीत सांगू लागले, मध्येच अडले, भाच्याकडून एक शब्द घेतला, पुढे गेले. तेवढा वेळ आम्ही गाणे थांबवून ठेवले.

रात्री घरी आल्यावर बॅटरी तासभर विसावू दिली आणि मीटर लावला. सकाळी निघताना १२.७ व्होल्ट होते; आता १२.६. भाच्याने ते दोन्ही आकडे खडूने बॅटरीच्या अंगावर लिहून ठेवले. पुढच्या रविवारी त्याच्या मित्राच्या बहिणीची हळद होती, तीही एका वस्तीवर. बॅटरी न्यायला तो शनिवारी सकाळीच आला. रविवारी आमच्याकडची वीज गेली तर काय करायचे, ते मात्र त्याने सांगितले नाही.